पंधरा मिनिटांचा ठराव

इंदू सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधलेला होता. मंगळवार, सकाळचे साडेदहा. ती एक मंगळवार सोडून यायची, आणि मधल्या मंगळवारी मी स्वतः मोजून आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचा असा तिचा हुकूम होता. यंत्र घरघर करत हवा भरत होतं, दुसऱ्या हातानं मी फोन उचलला. तिची पुतणी पूनम होती, मुरारहून. "काका, आत्या गेली," एवढं ती मराठीत म्हणाली आणि मग आवाज फुटला तशी हिंदीत गेली, "जूते पहन रही थीं काका, किसी के यहाँ जाना था उन्हें... बैठे-बैठे ही..." यंत्रानं हवा सोडली, आकडे आले. ते काय होते मला आठवत नाही. मी लिहिले नाहीत. त्या मंगळवारचा चौकोन अजून कोरा आहे.

त्याच दुपारी आमच्या आरोग्य मंडळाच्या कार्यवाहाचा, समीरचा, फोन आला. पोरगा चांगला आहे, कामाचा आहे. म्हणाला, "काका, तुमचा हात बसलेला आहे, दोन ओळी द्या ना लिहून. महिनाअखेरीच्या सभेत शोकप्रस्ताव ठेवू." मी लगेच बसलो. माझ्या हाताला खरोखरच सवय आहे. 'मंडळाच्या माजी परिचारिका श्रीमती इंदुमती मोहिते यांच्या निधनाबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. सर्व सभासदांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून...' इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. सभेला तीन आठवडे अवकाश होता. कोणी उभं राहिलं नव्हतं, कोणाला दुःख झालं होतं की नाही तेही ठाऊक नव्हतं, आणि मी ते सगळं झालं म्हणून लिहून मोकळा झालो होतो. कागद फाडला. त्या दिवसापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीतून उठतो, गॅलरीत जातो, परत येतो, चष्मा शोधतो, तो डोळ्यांवरच असतो. आज त्याला पाच आठवडे झाले. हा मजकूर लिहायलाही मी चारदा उठलो आहे.

आधी सांगायला हवं की मी कोण. मी ग्वाल्हेरचा, सप्रे. आमचे पूर्वज दक्षिणेतून दरबारी कारकुनीसाठी इथं आले. मीही सरकारी कचेरीत आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर लष्कर भागातल्या आमच्या मराठी समाजाच्या आरोग्य मंडळाचा कार्यवाह झालो. मंडळ म्हणजे मंगल कार्यालयामागच्या दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, एक लोखंडी कपाट आणि तीन परिचारिका. या तिघी घरोघर जायच्या. कारण आमच्या समाजात घरं राहिली होती आणि घरातली मुलं पुण्याला, बंगळूरला, नोएडाला गेली होती. मागे राहिलेल्यांना इंजेक्शन कोण देणार, जखम कोण धुणार? म्हणून ही गृहभेटीची सेवा. त्या तिघींतली थोरली इंदू. वडील फौजेतून निवृत्त झालेले, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, लग्न केलं नाही, धाकट्या भावाचा संसार तिनंच उभा केला. निळी पिशवी, पांढरी स्कूटी, आणि फाटकातूनच आरोळी, "काकू, मी आले हो! उठू नका, मी येते आत!"

तिचं मराठी आमच्या गावचं होतं. "काल कोणाशी गोष्ट केली?" असं ती प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारायची. पुण्याचे पाहुणे या प्रयोगाला हसतात. आमच्याकडे बोलणं म्हणजे गोष्ट करणं. हा प्रश्न तिच्या तपासणीतच धरलेला होता. आधी नाडी, मग रक्तदाब, मग पायांची सूज आणि मग "काल कोणाशी गोष्ट केली?" उत्तर 'कोणाशी नाही' असं आलं की ती पिशवीची चेन लावायची, बसायचा वेताचा मोढा ओढायची आणि बसायची. आणि जे जे दिसलं ते घरातल्या कॅलेंडरवर लिहायची. मंडळानं तिला छापील तक्ता दिला होता, तोही भरायची. पण तिचा विश्वास कॅलेंडरवर. तक्ता फाइलमध्ये जातो, म्हणायची, कॅलेंडर भिंतीवर राहतं, घरचे रोज बघतात. आमच्या घरांतून ती मोठी मराठी कॅलेंडरं असतात, दिवाळीत कोणीतरी पुण्याहून गुंडाळी करून आणतं. चौकोनात ती बारीक अक्षरात लिहायची: 'झोप नाही.' 'भात दोन घास.' 'लेकाचा फोन आला, खूष.' चौकोन पुरला नाही की पानाच्या मागे, जिथं पाककृती छापलेल्या असतात तिथल्या समासात.

आता त्या गोळीचं सांगतो. आठ-नऊ वर्षं झाली. इथल्याच हरिशंकरपुरम वस्तीत वत्सलाकाकू एकट्या राहायच्या, मुलगा पुण्याला. इंदू आठवड्यातून दोनदा जायची. काकूंना उठलं की चक्कर येऊ लागली, रक्तदाब फार खाली. इंदूनं औषधांचा डबा उघडून पाहिला. त्यात दोन पाकिटं होती. एक आमच्या मंडळाच्या डॉक्टरसाहेबांनी लिहून दिलेलं, दुसरं मुलानं पुण्याच्या मोठ्या डॉक्टरला विचारून कुरिअरनं पाठवलेलं. नावं वेगळी, आतलं औषध एकच. काकू दोन्ही घेत होत्या, कारण एक मुलानं पाठवलेलं आणि दुसरं डॉक्टरांनी दिलेलं, कोणाचं मोडायचं? इंदूनं डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते काही कामानं इंदूरला गेलेले, फोन लागेना. मुलाचाही लागेना. मग तिनं मला लावला.

मी त्या वेळी समाजाच्या गणपतीच्या मांडवात होतो. संध्याकाळचा कार्यक्रम, माइकवाला आलेला नाही, सतरंज्या आलेल्या नाहीत. तिनं सगळं नीट सांगितलं. शेवटी म्हणाली, "काका, एक गोळी बाजूला ठेवू का? डॉक्टर येईपर्यंत?" मी म्हटलं, "तुला बरोबर वाटतं ना? मग ठेव. मी सांगतो डॉक्टरांना." हे माझे शब्द आहेत. मी ते म्हटले. नंतर माइकवाला आला, मग आरती झाली, मग प्रसाद... आणि डॉक्टरसाहेबांना सांगायचं मी विसरलो. विसरलो हेही खरं आहे. इथपर्यंत फक्त विसरभोळेपणा होता.

दोन-तीन दिवसांनी काकूंनी मुलाला फोनवर सहज सांगितलं की नर्सनं तुझी गोळी बंद केली. तो भडकला. इथं आला, कॅलेंडरचं ते पान भिंतीवरून फाडून काढलं, 'पुण्याची गोळी बंद केली' असं इंदूनं ज्या चौकोनात लिहिलं होतं त्याभोवती लाल पेनानं गोल काढला आणि तक्रारीच्या पत्राला ते पान टाचून मंडळाला दिलं. पत्र कार्यवाहाकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. मी ते पान पाहिलं. लाल गोलात, त्या शब्दांच्या खाली, बारीक अक्षरात होतं: 'मागे पाहा.' मुलानं पाहिलं नसावं. मी पाहिलं. मागे, अळूवडीच्या कृतीशेजारी, तिनं लिहिलं होतं: 'डॉक्टर इंदूरला. फोन नाही. सप्रेकाकांना विचारलं. हो म्हणाले. डॉक्टरांना तेच सांगणार.'

मी टाचणी काढली, पानाची घडी केली आणि ते माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. पत्र फाइलला लावलं.

माझी एक जुनी सवय इथं सांगणं भाग आहे. मी सभेचं इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवत असे. कचेरीतच शिकलो होतो. आमचे एक साहेब म्हणायचे, सभा म्हणजे लग्न, ठरायचं ते आधीच ठरतं, त्या दिवशी फक्त अक्षता. विषयपत्रिका घेऊन मी आदल्या दिवशी बसायचो आणि 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले की' इथून सुरुवात करून रजिस्टर भरून टाकायचो. चर्चा झाली की अध्यक्ष म्हणायचे, "वाचा हो सप्रे," मी वाचायचो, लोक 'ठीक है, ठीक है' म्हणायचे आणि कचोरी यायची. इतकी वर्षं कधी अडलं नाही. लोक म्हणायचे, सप्रे फार तयारीचा माणूस.

त्या सभेसाठीही मी आदल्या दिवशी लिहिलं. 'गृहभेट परिचारिका श्रीमती मोहिते यांनी कोणासही न विचारता रुग्णाचे औषध बंद केले.' कोणासही न विचारता. हे शब्द मी शांतपणे, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले. पुढे ठराव होता. परिचारिकांनी फक्त रक्तदाब, इंजेक्शन आणि पट्टी एवढंच करावं. औषधांचा डबा उघडू नये. घरगुती गोष्टींत बोलू नये. चहा घेऊ नये. भेट पंधरा मिनिटांची असावी.

सभा मात्र माझ्या लिहिण्याप्रमाणे चालेना. इंदूला बोलावलं होतं, ती दाराजवळच्या खुर्चीवर हेल्मेट मांडीत घेऊन बसली होती. आमचे एक जुने सभासद म्हणाले, "नर्सनं नर्सचं काम करावं. ती काय घरची सून आहे का?"

त्यावर समितीतल्या एकुलत्या बाई सभासद होत्या त्या म्हणाल्या, "सुना आहेत कुठं घरात? असत्या तर नर्स लागली असती का?"

लोक हसले. ते गृहस्थ चिडले. "अहो, आमच्याकडे येते ती चाळीस-चाळीस मिनिटं बसते. चहा पिते. आमच्या ताईला विचारते, काल कोणाशी गोष्ट केली. हे काय मेडिकल आहे? डॉक्टर बनने चली हैं!"

"तुम्ही केली होती का?" इंदू दारातून म्हणाली.

"काय?"

"गोष्ट. ताईंशी. एकाच घरात राहता म्हणून विचारते."

आता डॉक्टरसाहेबही हसले. अध्यक्ष तेच होते. शहरातल्या कंपू भागातल्या रुग्णालयातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, न्यायी माणूस. म्हणाले, "सिस्टर, तुमचं म्हणणं सांगा." आणि ती उभी राहिली. मला तिचं ते बोलणं शब्दाशब्दानं आठवतं, कारण मी ते लिहून घेत नव्हतो; माझं लिहून झालेलं होतं. म्हणाली, "साहेब, बी.पी. मोजायला मशीन पुरतं. ते मुलं पाठवतातच. मशीनला जिभेवर चव आहे की नाही ते कळत नाही. डबा उघडला नसता तर दोन गोळ्या मला दिसल्या नसत्या. बसले नसते तर काकूंनी सांगितलं नसतं की चक्कर येते, कारण मुलाला काळजी नको. मला फक्त एक सांगा. घरात जायचं ते डोळे उघडे ठेवून जायचं की मिटून? तुम्ही म्हणाल तसं जाईन."

मग डॉक्टरसाहेब म्हणाले, "गोळीचं निदान तिचं बरोबर होतं. मी पाहिलं नंतर." बाई सभासद म्हणाल्या, "मग असं करा, परिचारिकांना डबा बघू द्या, आणि शंका आली तर सरळ डॉक्टरांना फोन." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. सभा तिच्या बाजूला झुकली होती. मी ते पाहत होतो आणि मांडीवरच्या रजिस्टरात पुढचं सगळं लिहिलेलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी विचारलं, "फक्त एक. मी नव्हतो हे खरं. पण कोणाला तरी विचारलं होतंत का, सिस्टर? मंडळाच्या कोणाला?"

इंदूनं माझ्याकडे पाहिलं.

मी रजिस्टरकडे पाहिलं. डॉक्टरसाहेब मला म्हणाले, "ते कॅलेंडरचं पान आलंय ना तुमच्याकडे? त्यात काय आहे?" मी म्हटलं, "गोळी बंद केल्याची नोंद आहे, साहेब." ते खोटं नव्हतं. एका बाजूला तेवढंच होतं. मान वर केली तेव्हा इंदू अजून माझ्याकडेच पाहत होती. मग म्हणाली, "नाही साहेब. माझ्या समजुतीनं केलं."

बस्स. वारं फिरलं. उद्या कोणीही आपल्या समजुतीनं काहीही करेल, मंडळावर केस होईल, पुण्याची माणसं आपल्याला काय म्हणतील... डॉक्टरसाहेब म्हणाले, "वाचा हो सप्रे." मी वाचलं. 'चर्चेअंती सर्वानुमते.' ठीक है, ठीक है. पुढच्या महिन्याच्या सभेत ते इतिवृत्त मी पुन्हा वाचलं, रीतीप्रमाणे कायम झालं, डॉक्टरसाहेबांनी सही केली. त्या वाचनाच्या वेळीही मला बोलता आलं असतं.

ठराव झाल्यावर इंदूनं चार महिने पंधरा मिनिटांच्या भेटी दिल्या, मग सोडलं. वत्सलाकाकूंकडे दुसरी परिचारिका जाऊ लागली, ठरावाला धरून. थंडीत काकू न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, मुलगा पुण्याला घेऊन गेला, तिथं वर्षाच्या आत गेल्या. पुण्याची गोळी पुन्हा सुरू झाली होती का, कशामुळे पडल्या, ते कोणीच सांगू शकणार नाही. म्हातारी माणसं पडतात. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते आता बुळबुळीत झालं आहे, हातात धरवत नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या बायकोला, नलिनीला, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. मंडळाची परिचारिका यायची. आठवड्याभरात नलिनी म्हणाली, "अहो, ती घड्याळाकडं बघते, माझ्याकडं नाही. इंदूला बोलवा." मी टाळलं. तिनं पुन्हा म्हटलं. पुन्हा टाळलं. शेवटी ती म्हणाली, "तुमचं काय बिघडलंय तिच्याशी ते मला सांगू नका. पण बोलवा."

मुरारला गेलो. इंदू अंगणात गहू निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही. मी कसंबसं सांगितलं. ती सुपातले खडे वेचत म्हणाली, "काकूंनी बोलावलंय तर येते. तुम्ही बोलावलं असतं तर विचार केला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून आरोळी आली, "काकू, मी आले हो!" आणि आतून नलिनी हसली... पक्षाघातानंतर पहिल्यांदा. इंदूनं हात धुतले, नाडी पाहिली, मग औषधांच्या डब्यावर हात ठेवून माझ्याकडे वळली. "काका, उघडू ना? विचारून उघडते हं. तुम्हाला लिहायला बरं."

दोन वर्षं ती येत राहिली, नलिनी जाईपर्यंत. तासतास बसायची. मी चहा करायचो. कार्यवाहपद मी सोडलं होतं, पण ठराव कायम होता, आणि माझ्याच घरात ठरावातलं प्रत्येक कलम रोज मोडलं जात होतं, आणि माझी बायको त्यावर जगत होती. एकदा नलिनीचा डोळा लागलेला असताना मी म्हटलं, "इंदू, त्या सभेत तू माझं नाव का नाही घेतलंस?"

तिनं नलिनीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुमचं तोंड बघितलं. पांढरं पडलं होतं. नर्सला कोणी घाबरलेलं दिसलं की आधी त्याला सांभाळायचं, सवयच आहे. मला वाटलं आज नाही तर पुढच्या सभेत सांगाल. मग वाटलं त्याच्या पुढच्या."

"मला माफ कर," मी म्हटलं.

"माफी नको काका. तिचं मी काय करू? कागद दुरुस्त करा. त्या रजिस्टरात माझं नाव आहे ना, कोणासही न विचारता? ते काढा. मी विचारलं होतं."

मी म्हटलं, करतो. नलिनी गेली, त्यानंतरही ती एक मंगळवार सोडून माझ्यासाठी येत राहिली, मधूनमधून विचारत राहिली, आणि मी करतो म्हणत राहिलो. कधी समीर गावाला गेलेला, कधी निवडणूक, कधी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. खरं एवढंच की ज्या लोकांनी मला वीस वर्षं 'तयारीचा माणूस' म्हटलं त्यांच्यासमोर उभं राहायची मला भीती वाटत होती. यंदा पूनमनं नर्सिंग पूर्ण केलं आणि ती आमच्याच मंडळात लागली. त्यानंतर इंदूचा स्वर बदलला. शेवटच्या भेटीत, त्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, तिनं पट्टा सोडला, आकडा सांगितला आणि चपला न घालता तशीच उभी राहिली. जिना चढून आल्यावर तिला दम लागला होता, ते मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

"काका, झालं का ते?"

"या महिन्यात नक्की."

"पूनम तिथं बसते आता. कपाटाच्या चाव्या तिच्याकडं असतात. कधीतरी उघडेल, वाचेल. वाचून मला विचारणार नाही ती, तेच वाईट. मनात ठेवेल." मग हसून म्हणाली, "थांबा, लिहूनच ठेवते. तुम्ही लिहिलेलंच मानता." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिनं महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या चौकोनात, सभेच्या दिवशी, एकच शब्द लिहिला: 'रजिस्टर.' पुढच्या मंगळवारी फोन आला.

त्या रविवारी मी गेलो. खणातलं ते पान बरोबर घेतलं होतं. समीरनं विचारलं, "काका, शोकप्रस्ताव आणलात?" मी म्हटलं, त्याआधी मला जुनं रजिस्टर हवंय. पूनमनंच कपाट उघडून काढून दिलं. समीरनं दोन ओळी वाचल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "छोड़िए ना काका. डॉक्टरसाहेब गेले, अर्धे मेंबर गेले. सिस्टरही गेल्या. अब किसको फ़र्क पड़ता है? आणि कायम झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, तुम्हीच शिकवलंत मला."

"बदलायचं नाही," मी म्हटलं. "त्यात आज काय झालं ते आज लिहायचं."

मी उभं राहून तो ठराव वाचला, मग पान उलटून मागची बाजू वाचली. फोनवर मी काय म्हटलं होतं ते सांगितलं. पान मी काढून ठेवलं होतं ते सांगितलं. इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशीच लिहीत असे, तेही सांगितलं. कोणीतरी खुर्ची पुढे केली, मी बसलो नाही. नवीन सभासद एकमेकांकडे बघत होते. एक बाई म्हणाल्या, "मग तो पंधरा मिनिटांचा नियम? तो तर अजून या मुलींच्या कार्डावर छापलेला आहे." पूनमच्या गळ्यात ते कार्ड होतं. कोणी म्हणालं रद्द करा, कोणी म्हणालं असं एकदम कसं, कायदेशीर बघावं लागेल. पुढच्या सभेत घेऊ, असं ठरलं. एवढंच ठरलं. याहून जास्त ठरलं असं मी इथं लिहिणार नाही.

रजिस्टरात त्या ठरावासमोर मी ते पान चिकटवलं. मागची बाजूही वाचता यावी म्हणून डिंक एकाच कडेला लावला. पूनम शेजारी उभी राहून पाहत होती. तिनं पान एकदा उलटलं, आत्याचं अक्षर वाचलं, पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, "काका, महिनाभर आधी का नाही?"

मी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावत राहिलो. ती थांबली नाही. तिला हरिशंकरपुरमला भेटीला जायचं होतं.

घरी आलो, पाणी प्यायलो आणि स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभा राहिलो. दिवस अजून मावळला नव्हता. इंदू काम झालं की चौकोनात बरोबरची खूण करायची. ती खूण तिची, मी केली नाही. 'रजिस्टर' या शब्दाखाली थोडी जागा होती. तिथं लिहिलं: 'वाचलं. सगळ्यांसमोर. पूनमनं विचारलं, आधी का नाही. सांगता आलं नाही.'

नंतर महिना बदलला, पान उलटायची वेळ आली. मी उलटलेलं नाही. रक्तदाबाचे या महिन्याचे आकडे त्याच पानाच्या मागे, समासात लिहितो आहे. दर मंगळवारी, मोजून झाल्यावर.